आयर्विनला किती झालं? कृष्णा-पंचगंगेचा महापूर आणि नदीकडेची माणसं

जुलैचा शेवट आला की सांगलीत माणसं भेटल्याबरोबर एकच प्रश्न विचारतात, "आयर्विनला किती झालं?" उत्तर फुटांत येतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर गेली की धोका. कोल्हापुरात हेच पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तिथं इशारा ३९ फुटांना आणि धोका ४३ फुटांना. हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात.

पण हा आकडा सगळ्या गावाला सारखा लागू होत नाही. सांगलीच्या सूर्यवंशी प्लॉटमध्ये किंवा इनामदार प्लॉटमध्ये पाणी शिरायला धोका पातळीची वाट बघावी लागत नाही, चाळिशीच्या आसपासच तिथली माणसं सामान उचलायला लागतात. कोल्हापुरात सुतारवाड्यातली कुटुंबं दरवेळी सगळ्यांच्या आधी चित्रदुर्ग मठात हलवावी लागतात. टीव्हीवर 'पातळी इशाऱ्याजवळ' अशी पट्टी फिरत असते, तेव्हा काही घरांतला महापूर सुरूही झालेला असतो. पूर समजून घ्यायचा तर आधी नदी समजली पाहिजे आणि मग उतार समजला पाहिजे. उतार म्हणजे जमिनीचाही आणि परिस्थितीचाही.

नदीपासून सुरू करू. कृष्णा, कोयना, वारणा आणि पंचगंगेला मिळणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या सगळ्या सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर नाहीतर त्याच्या कुशीत उगम पावतात. महाबळेश्वर, गगनबावडा, कोयनेचं खोरं ही पश्चिम घाटातली तुफान पावसाची ठिकाणं. पण सांगली जिल्ह्यातच पूर्वेला गेलं की आटपाडी आणि जत लागतात. तिथं पावसाची वाट बघण्यात पावसाळा संपतो. एका टोकाला होडी आणि दुसऱ्या टोकाला टँकर, हे एकाच जिल्ह्यात एकाच महिन्यात घडू शकतं. म्हणजे सांगलीला पूर यायला सांगलीत पाऊस पडायची गरज नसते. वर घाटात चार दिवस धो-धो कोसळला की पुरे.

घाटातून उतरताना या नद्यांना तीव्र उतार असतो. मैदानात आल्यावर उतार जवळजवळ संपतो आणि नद्या नागमोडी वळणं घ्यायला लागतात. वर पळत आलेलं पाणी इथं येऊन चालायला लागतं. मागून पळत येणारं थांबत नाही आणि पुढचं हळू चालतं, मग मधल्या मध्ये पाणी फुगतं आणि पात्र सोडून मळ्यात, मळ्यातून गल्लीत शिरतं.

त्यात भर संगमांची. कऱ्हाडला कोयना कृष्णेत येते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा येते आणि नृसिंहवाडीला पंचगंगा येते. गर्दीच्या हमरस्त्याला जोडरस्ता येऊन मिळतो तिथं काय होतं? हमरस्ता भरलेला असेल तर जोडरस्त्यावरची वाहनं जागच्या जागी थांबतात आणि रांग मागं मागं वाढत जाते. नदीचंही तसंच. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेच्या पाण्याला आत शिरायला वाव मिळत नाही, ते मागं तुंबत जातं. आमच्याकडं याला 'फुग' म्हणतात. पाऊस थांबलेला असतो, ऊन पडलेलं असतं, आकाश निळंशार असतं आणि शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या गावात पाणी अजून चढतच असतं, ते या फुगेमुळं. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. उघडीप पडली, आता उतरेल, अशा भरवशावर राहणाऱ्याला ही फुगच फसवते.

आता धरणं. दर पावसाळ्यात विसर्ग, क्युसेक, टीएमसी हे शब्द कानांवर आदळतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. 'धरणातून एक लाख क्युसेक विसर्ग' ऐकलं तर सेकंदाला २८ लाख लिटर असं समजा. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. एक लाख क्युसेकनं दिवसभर पाणी सोडलं की साडेआठ टीएमसीच्या थोडं वर पाणी जातं. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. एक थेंबही नवा आला नाही असं धरलं तरी एक लाख क्युसेकनं ते रिकामं व्हायला बारा दिवस लागतील. म्हणून 'पाऊस येणार हे कळलं होतं, मग धरण आधी रिकामं का केलं नाही' या प्रश्नाचं उत्तर वाटतं तेवढं सोपं नाही. धरण आधी बरंच मोकळं ठेवावं आणि पुढं पाऊस झालाच नाही, तर वर्षभर प्यायला आणि शेतीला पाणी कुठून आणायचं? आणि भरत आणलं, मग ऑगस्टमध्ये आभाळ फाटलं, तर येईल तेवढं खाली सोडण्यावाचून इलाज राहत नाही. २०१९ साली नेमकं हे दुसरं झालं. जुलैअखेर धरणं भरत आली होती आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घाटात पाऊस कोसळला. शिवाय धरणाच्या खालच्या बाजूला जो पाऊस पडतो, तो अडवायला कुठलाच दरवाजा नसतो. तो सरळ नदीत येतो. लोकांच्या बोलण्यात हा भाग नेहमी सुटतो.

अलमट्टीचा वाद इथं टाळता येत नाही. कर्नाटकातल्या या धरणाची पूर्ण पातळी ५१९.६ मीटर आहे आणि ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायचा कर्नाटकचा आग्रह आहे. त्याचा फुगवटा, म्हणजे धरणात अडलेलं पाणी मागं तुंबून, आपल्याकडं येतो का, यावर सांगली-कोल्हापुरात चावडीवर भांडणं होतात. २०१९ च्या पुरानंतर सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२० मध्ये आलेल्या तिच्या अहवालानं त्या पुराचा दोष अलमट्टीच्या फुगवट्यावर ठेवला नाही. अतिवृष्टी आणि नदीच्या वाटेतली अतिक्रमणं यांच्याकडं बोट दाखवलं. पूरग्रस्त गावांतल्या अनेकांना, आणि काही जाणकारांनाही, हे पटलेलं नाही. उंची वाढवण्याबद्दल काळजी वाटणं रास्तच आहे, ती मलाही वाटते. पण मला खटकतं ते दुसरंच. अलमट्टीवर आपण जेवढं बोलतो त्याच्या दहाव्या हिश्शानंही आपल्याच गावात नदीच्या वाटेत टाकलेल्या भरावावर बोलत नाही.

नदीकाठच्या नकाशांवर दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नाही, लाल आणि निळीच्या मध्ये अटी पाळून करायचं, असा नियम आहे. प्रत्यक्षात ओढे बुजले, नाल्यांवर प्लॉट पडले, पूरपट्ट्यात मुरूम टाकून जमीन उंच केली गेली. भराव टाकणाऱ्याचं घर कोरडं राहतं, पण पाणी काही नाहीसं होत नाही. ते शेजारच्या सखल वस्तीत जास्त चढतं. पैसा असलेल्या माणसानं विकत घेतलेली उंची कुणाच्या तरी डोक्यावर पाणी होऊन बसते.

पावसाचा स्वभावही बदलतोय. हवा एक अंश सेल्सियसनं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. अरबी समुद्र तापतोय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. म्हणजे 'पंचवीस वर्षांतून एकदा'चा पूर आता पंचवीस वर्षं थांबेलच असं धरून चालता येणार नाही. आपणच बघितलंय. २००५, २०१९, आणि मग दोनच वर्षांनी २०२१.

आता माणसांकडं येऊ, कारण हा लेख त्यांच्यासाठी आहे.

लोक घर सोडून वेळेवर बाहेर का पडत नाहीत, हा शहरात बसून विचारला जाणारा नेहमीचा प्रश्न. त्यात एक छुपा आरोप असतो, की ही माणसं हट्टी आहेत. खरं कारण बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं.

पहिलं कारण भिंतीवर असतं. २००५ च्या पुराची खूण नदीकाठच्या कितीतरी घरांत जपून ठेवलेली होती, कुठं कोळशानं ओढलेली रेघ, कुठं ऑइलपेंटनं लिहिलेलं साल. त्या पुरात आयर्विनला ५३ फुटांच्या वर पाणी गेलं होतं. लोकांनी हिशोब केला, २००५ ला उंबऱ्यापर्यंत आलं होतं, आता फार तर तेवढंच येईल. सामान पोटमाळ्यावर टाकलं आणि थांबले. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, जवळजवळ चार फूट जास्त. अनुभवावर विश्वास ठेवणारी ही शहाणी माणसं होती. पण ज्या खुणेवर त्यांनी विश्वास ठेवला तीच जुनी झाली होती.

दुसरं कारण गोठ्यात बांधलेलं असतं. ज्याची एक एकर जमीन आहे किंवा तीही नाही, त्याच्या घरचा आठवड्याचा बाजार म्हशीच्या दुधावर होतो. दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल येतं, ते त्याचं खरं उत्पन्न. निवारा केंद्र शाळेत असतं. तिथं माणसांची सोय होते, पण म्हशीचं काय? तिला कुठं बांधायचं, वैरण कुठून आणायची, धार कधी काढायची? दावं सोडून तिला पाण्यात ढकलायचं आणि आपण जीपमध्ये बसायचं, हे सांगायला सोपं आहे. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेऊन निघालेली बोट उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले. त्यांत बायका आणि लहान मुलं होती. शेवटच्या घडीला, शेवटच्या बोटीतून निघावं लागण्याची वेळ माणसांवर का येते, याचा विचार म्हशीच्या या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा. जिथं जनावरांचा तळ आणि वैरणीची सोय आधी उभी राहते, तिथली माणसं एक दिवस आधी निघतात. पूर व्यवस्थापनाच्या बैठकीत वैरणीला पहिलं स्थान मिळालं पाहिजे असं मी म्हणतो, ते यासाठी.

करवीर तालुक्यातल्या चिखली गावच्या लोकांचंही असंच. १९८९ च्या पुरानंतर त्यांना सोनतळीला जागा दिल्या गेल्या. तरी बरंच गाव जुन्या जागीच राहिलं. वरवर बघणाऱ्याला नवल वाटतं. पण शेत नदीकडं, विहीर नदीकडं, गोठा, उकिरडा, कडब्याची गंजी सगळं तिकडं. दिलेला प्लॉट घरापुरता आणि घरात मुलगे तीन. पुनर्वसन हे अख्ख्या संसाराचं करावं लागतं, नुसत्या चार भिंतींचं केलं तर माणसं भिंती बंद ठेवतात आणि संसार जिथं आहे तिथंच राहतात.

आणि मग जमिनीचा उतार. अनेक गावांत पांढरीच्या उंचवट्यावर जुने वाडे असतात आणि गावकुसाबाहेरची वस्ती नदीकडच्या, ओढ्याकडच्या सखल बाजूला. ही जागा त्यांनी निवडलेली नाही, पिढ्यान् पिढ्या त्यांच्या वाट्याला आलेली आहे. शहरात तेच काम भाडं करतं. कमी भाड्याची खोली सखल भागातच मिळते. म्हणून पाणी चढताना ज्यांच्या घरात पहिल्यांदा येतं, उतरताना त्यांच्याच घरातून शेवटी जातं. वरच्या आळीत दोन दिवस, खालच्या आळीत नऊ दिवस. मातीच्या भिंतीसाठी हा फरक उभं राहण्याचा आणि कोसळण्याचा असतो.

२०१९ चा पूर ओसरल्यावर शिरोळ तालुक्यातल्या एका गावात आम्ही काही जण साफसफाईला गेलो होतो. घरात गाळ पिंडरीपर्यंत. दार फुगून चौकटीत अडकलेलं, ते खांद्यानं ढकलावं लागलं. आत कणगीतले गहू भिजून, मोड येऊन, कुजले होते. तो वास नाकातून आठवडाभर गेला नाही. घरच्या आजी गाळ उपसायला आमच्याबरोबर नव्हत्या. त्या बाहेर अंगणात दोरीवर कागद वाळत घालत होत्या. रेशनकार्डाची पानं एकमेकांना चिकटली होती. ती त्या नखानं सोडवत होत्या, एकेक, जपून, जखमेवरची पट्टी सोडवावी तशी. मी म्हटलं, "आजी, कागदाचं नंतर बघू." त्या म्हणाल्या, "न्हाय रं लेकरा, आता तलाठी आला की ह्येच मागणार."

त्यांना जे कळलं होतं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. पूर संपल्यावर दुसरा पूर कागदांचा येतो.

मदत मिळते ती पंचनाम्यावर आणि पंचनामा होतो तो नावावर. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर हेक्टरी मदत येते, पण ती सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात. वाट्यानं किंवा खंडानं जमीन कसणारा बियाणं, खत आणि घाम घालतो, मदतीच्या यादीत मात्र तो नसतो. उसाच्या पोंग्यात गाळ बसला की फड उभ्या उभ्या कुजतो. त्यात मालकाचं जातं ते पीक आणि भांगलणीला जाणाऱ्या बाईचा जातो तो महिना-दोन महिन्यांचा रोज. तिच्या बुडालेल्या रोजाचा पंचनामा कुठल्याच रकान्यात बसत नाही. इचलकरंजीतला यंत्रमाग कामगार कापडाच्या मीटरवर मजुरी घेतो. माग पाण्यात तर मजुरी शून्य, खोलीचं भाडं चालूच. ज्यांच्या गणपतीच्या मूर्ती रंगाला लागलेल्या असतात त्या कुंभार कुटुंबांचा वर्षाचा माल ऑगस्टच्या एका रात्रीत विरघळतो. कर्ज काढून आणलेल्या रंगाचा आणि मातीचा हप्ता तेवढा राहतो. बचत गटाच्या, फायनान्सच्या कर्जाची वसुलीही फार दिवस थांबत नाही.

भाडेकरूचं आणखी अवघड. घर पडलं तर मदत घरमालकाला. भांडीकुंडी, शिलाई मशीन, पोरांची दप्तरं गेली ती भाडेकरूची, पण त्याच्याकडं करारही नसतो आणि त्या पत्त्याचं रेशनकार्डही नसतं. एका घरात दोन भावांच्या दोन चुली असतील आणि घरपट्टी वडिलांच्या नावावर असेल, तर सानुग्रह अनुदान एकालाच मिळतं आणि पुराबरोबर घरात भांडण शिरतं. नवऱ्यानं टाकलेली बाई माहेरच्या एका खोलीत राहते, तिचं नाव कुठंच नसतं. गायरानातल्या झोपडीला तर उताराच नाही.

रकमाही बघा. केंद्राच्या २०२२ च्या निकषांत झोपडी नष्ट झाली तर ८,००० रुपये आणि दुभतं जनावर दगावलं तर ३७,५०० रुपये. चांगली दुभती म्हैस त्या पैशात दावणीला येत नाही. २०१९ मध्ये तर मोफत धान्यासाठी आधी अट होती, घर दोन दिवस पाण्यात बुडालेलं हवं. तेव्हा मिळणार दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ. चूल एका दिवसात विझते, हे ती अट लिहिताना कुणाच्या मनात आलं नसावं. लोक संतापले ते उगाच नाही.

बायकांची एक वेगळी अडचण कुणी सहसा बोलत नाही. शाळेच्या एका हॉलमध्ये चाळीस कुटुंबं, संडास दोन आणि ते अंगणापलीकडं. मग बायका पाणी पिणं कमी करतात. पाळी आलेल्या मुलीला कपडा बदलायला आडोसा नसतो. आठव्या-नवव्या महिन्यातली बाई बोटीत कशी चढणार, याचा विचार यादी करतानाच व्हायला हवा. अंथरुणावर असलेला म्हातारा, डोळ्यांनी दिसत नसलेला माणूस, डायलिसिसवर असलेला पेशंट यांची घरं आशाताईंना तोंडपाठ असतात. पहिली बोट कुणाच्या दारी न्यायची हे त्यांना विचारलं तर उत्तर तयार असतं.

भरपूर पाण्यात प्यायला पाणी नसणं, हा पुराचा सगळ्यात क्रूर भाग. नदीकाठची उपसा केंद्रं बुडतात, वीज बंद होते, नळ कोरडे पडतात. कोल्हापूर शहरानं हे अनुभवलंय. विहिरी-बोअरमध्ये पुराचं पाणी मिसळतं, म्हणून ओसरल्यावर पाणी उकळून किंवा क्लोरिनचे थेंब टाकूनच प्यावं. पायाला जखम असताना गाळात उतरलं की लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्याच्या प्रतिबंधक गोळ्या आरोग्य केंद्रात देतात, त्या विचारून घ्याव्यात आणि नंतर ताप आला तर अंगावर काढू नये. मीटर, बोर्ड वाळून वायरमननं तपासेपर्यंत मेन स्विचला हात लावू नये. अडगळीत हात घालण्याआधी काठीनं चाचपावं, कारण सापही आसरा शोधत आलेले असतात.

नदीकाठी राहणाऱ्यांनी मृगाच्या आधी एक काम करून ठेवावं. रेशनकार्ड, आधार, बँक पासबुक, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर, हे सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र आणि त्यांचे फोटो घरातल्या दोन वेगवेगळ्या फोनमध्ये. भाडेकरू असाल तर मालकाकडून साध्या कागदावर का होईना, राहत असल्याचं लिहून घ्या. पाणी उतरल्यावर गाळ काढायची घाई होते, पण आधी प्रत्येक खोलीचा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा, खराब झालेल्या सामानाचा फोटो काढा आणि मगच खोरं हातात घ्या. घर धुऊन लख्ख केल्यावर आलेल्या पथकाला काय दाखवणार?

गावाच्या पातळीवर करण्यासारखी गोष्ट याहून सोपी आहे आणि तिला पैसा लागत नाही. आयर्विनला किंवा राजाराम बंधाऱ्याला किती फूट झालं की आपल्या गावातली कुठली वाट बंद होते, कुठल्या गल्लीत पाणी येतं, कुठल्या घराच्या उंबऱ्याला लागतं, हे जुन्याजाणत्यांना ठाऊक असतं. ते गल्लीवार लिहून काढायचं, २०१९ आणि २०२१ च्या खुणा धरून, आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, शाळेच्या भिंतीवर, खालच्या आळीच्या समाजमंदिरावर रंगवायचं. मग रात्री दहाला मोबाइलवर आकडा आला की खालच्या आळीतल्या बाईला कुणाला विचारायला जावं लागणार नाही. तिला तिच्या घराचा आकडा माहीत असेल, आणि त्याच्या तीन फूट आधी म्हशीचं दावं सोडायचं हेही.